काजळमावशी श्वास घेत नाही

४ मार्च

चिरंजीव कन्येस,

तुमच्या संस्थेचे पत्र पोचले. तुझे नव्हे, संस्थेचे. स्वतः चार ओळी लिहिण्याचे कष्ट तू घेतले नाहीस, हे माझ्या लक्षात आले आहे. पत्राखाली निर्मिती-व्यवस्थापकांची सही असून आरंभी ‘आदरणीय काका’ असे संबोधन आहे. मी या गृहस्थांचा काका केव्हा झालो, याचा खुलासा व्हावा.

मागणी अशी, की ‘सावल्यांचा झगा’ या चित्रपटाच्या आधीची कथा सांगणारा ‘काजळ’ नावाचा ॲनिमेशनपट तुम्ही काढीत आहात. मूळ चित्रपटात काजळमावशी झालेल्या तुझ्या आईचे ते प्रसिद्ध हसू त्यात वापरायचे आहे. आणि ती आता हयात नसल्याने वारस या नात्याने मी लेखी संमती द्यावी. सोबत कथेचा गोषवारा जोडला आहे. लेखिका तू, दिग्दर्शिका तू.

मी संमती देत नाही. कारणे पुढे देतो. तुझ्या व्यवस्थापकांना ती वाचून दाखवण्यास हरकत नाही.

ते हसू म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू नाही. स्टुडिओच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करून, तिच्यात तुझ्या आईला उतरवून, वर झाकणापाशी पालथे पडून मी मायक्रोफोन धरला होता. चित्रपटाचा ध्वनिमुद्रक मी होतो आणि आमचे लग्न अजून व्हायचे होते. ती हसली. मी म्हणालो, “पुन्हा.” ती पुन्हा हसली. मी पुन्हा “पुन्हा” म्हणालो. शेवटी ती आतून ओरडली, “अहो कानसेन, आता हसू नाही, रडू येतंय मला. शिडी सोडा.” शिडी सोडताना माझा चष्मा टाकीत पडला आणि त्यावर ती जी हसली, ते हसणे चित्रपटात आहे. त्या आवाजाला मुले खुर्चीखाली शिरत आणि खेळ संपला की तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट काढायला लावीत. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे. टाकीतल्या प्रतिध्वनीचे गणित मांडून दाखवू शकतो; त्या हसण्याचे आजवर मांडता आलेले नाही. आणि ते तुम्ही तुमच्या कार्टूनला चिकटवणार.

याहून गंभीर बाब म्हणजे तुझी कथा. गोषवाऱ्यानुसार काजळ ही एक अनाथ पोर. गाव तिच्या सावलीला अपशकुनी ठरवते, कुणी तिला जवळ करीत नाही, आणि म्हणून मोठेपणी ती मुलांच्या सावल्या चोरून त्यांचा झगा शिवते. म्हणजे बाई दुष्ट नव्हतीच. बाईवर अन्याय झाला होता. हे परस्पर कुणी ठरवले? हल्ली एकाही खलनायिकेला सुखाने दुष्ट राहू देत नाहीत. प्रत्येकीच्या पाठीमागे एक वारलेली आई, एक जळलेले घर किंवा एक फसवा राजपुत्र लावून दिल्याशिवाय तुमच्या पिढीला चैन पडत नाही. तुझ्या आईला एकदा एका बातमीदाराने विचारले होते, “ही बाई अशी का झाली असेल?” ती म्हणाली, “तिला आवडतं म्हणून. तुम्हाला गोड आवडतं, तिला सावल्या आवडतात. तुम्हाला विचारतं का कुणी, लहानपणी काय झालं होतं म्हणून?” तू तिला कधी विचारले असतेस, तर तुलाही हेच उत्तर मिळाले असते.

पण विचारायला तू घरी यायला हवी होतीस. गेल्या वर्षी या चित्रपटाचा बेत तू पहिल्यांदा सांगितलास, तेव्हा ‘या घरात हा विषय नको’ एवढेच मी म्हणालो होतो. विषय नको म्हणालो होतो. तू स्वतःच येणे बंद केलेस. त्याचा परिणाम काय झाला, ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. त्यानंतर तुझी आई माझ्याशी धड दोन शब्द बोलली नाही. काही विचारले, तर उत्तर एका शब्दात. रंगभूमीवर पानेच्या पाने बोलणारी बाई ‘हो’, ‘नको’, ‘ठेवा’ यांवर संसार चालवू लागली. दुपारी झोपायच्या खोलीचे दार लावून घेई आणि कपाट आवरीत बसे. कपाट काही आवरले गेले नाही. मी पाहिले आहे. आजार होताच, तो मी नाकारीत नाही. परंतु ती गप्प झाली ती तुझ्यामुळे, आणि शेवटच्या दिवशीही तू परक्या माणसासारखी फाटकापाशी उभी राहिलीस.

संमती नाही.

तुझे वडील


१९ मार्च

चिरंजीव कन्येस,

माझ्या पत्राला उत्तर नाही. उलट जाहिरातीचा तुकडा प्रसिद्ध करून तुम्ही मोकळे झालात.

तो शोधत मी गेलो नव्हतो. शेजारचे दंतवैद्य हातात फोन घेऊन दारात उभे राहिले.

“साहेब, हे ऐकलंत का? नातवंडं सकाळपासून हेच लावून बसलीत. माझंसुद्धा पाठ झालं.”

मी उभ्याउभ्या ऐकले. चित्रातली एक हडकुळी पोर भिंतीवरच्या सावलीशी बोलत होती.

“कुणाची नक्कल आहे ही?” मी विचारले.

“नक्कल? अहो, मला तर वहिनीच बोलताहेत असं वाटलं. काटा आला अंगावर.”

“डॉक्टर, तुम्ही जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलंत. ऐकणं हा वेगळा धंदा आहे.”

ते रागावले नाहीत. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलताच येत नसे. त्यामुळे कुणी उलट उत्तर दिले की त्यांना गंमत वाटते. “मग तुम्ही ऐका निवांत,” म्हणून फोन माझ्याकडे ठेवून ते गेले. मी तो माझ्या जुन्या हेडफोनला जोडला आणि तुमच्या या तोतया बाईंची नीट तपासणी केली. निष्कर्ष तुझ्या उपयोगासाठी देतो.

काजळमावशीचा मंत्र लहान मुलांनाही येतो:

ये ग सावली, सोड ते पाऊल,
उन्हाला लागू न देता चाहूल,
भिंत उतरून, उंबरा टाळून,
बस माझ्या झग्याला काळोख माळून.

तुझी आई हा मंत्र एका दमात म्हणे. ही लहर नव्हती, ती माझी सूचना होती. मी तिला सांगितले होते, “श्वास माणसं घेतात. काजळमावशी श्वास घेत नाही.” ती म्हणाली, “मग मी जगू कशी?” मी म्हणालो, “टेक झाल्यावर जगा.” त्या चार ओळी ऐकताना प्रेक्षकांचाही श्वास अडकतो, तो याच कारणाने, ते नकळत तिच्या श्वासाची वाट पाहू लागतात आणि ती वाट संपतच नाही.

तुमच्या बाईंनी ‘भिंत उतरून’च्या पुढे श्वास घेतला आहे. ‘काळोख’च्या आधी आणखी एक. हे श्वास साधेही नाहीत, त्यांना खाली एक बारीक खरखर आहे, पेटीच्या भात्याला चीर गेल्यासारखी. आवाज यंत्रातून वर चढवून तरुण केलेला आहे, हे तर मी झोपेत सांगेन. मूळ बाई चांगली वयस्क असावी. आईचे काही हेल तिने बरे उचलले आहेत, ते मान्य करतो. मुद्दाम बसून शिकलेली दिसते. पण दम नाही. दमेकरी बाईला काजळमावशी करायला लावणारे तुम्ही लोक कोण? तिला घरी बसवा, औषधपाणी करा. आणि माझ्या पत्नीच्या जागेवरून उठवा.

हे मी रागाने लिहीत आहे, असे तुला वाटेल. बरोबर वाटेल.

तुझे वडील


३० मार्च
(व्यवस्थापकांना पाठवलेल्या पत्राची प्रत तुझ्या माहितीसाठी)

महाशय,

मी आपला काका नाही.

आपल्या आगामी ॲनिमेशनपटात काजळ या पात्रासाठी वापरलेला आवाज माझ्या दिवंगत पत्नीच्या आवाजाचे अनधिकृत आणि निकृष्ट अनुकरण आहे, असे माझे व्यावसायिक मत आहे. हा आवाज काढून टाकला जाईपर्यंत मूळ चित्रपटातील हास्याच्या वापरास माझी संमती मिळणार नाही. तसेच तो तसाच ठेवून चित्रपट प्रदर्शित झाल्यास मी वकिलामार्फत हरकत घेईन आणि वृत्तपत्रांना लिहीन.

सदर आवाजातील श्वासाच्या जागा हा त्याच्या बनावटपणाचा पुरावा होय. आपल्या ध्वनिविभागात कुणाला कान असल्यास त्यांनी स्वतः खात्री करून घ्यावी.

दिग्दर्शिका माझी कन्या आहे, या गोष्टीचा प्रस्तुत हरकतीशी काहीही संबंध नाही.

आपला,
‘सावल्यांचा झगा’ या चित्रपटाचा ध्वनिमुद्रक


१२ एप्रिल

चिरंजीव कन्येस,

तुझ्या फोननंतर मी मुद्दाम काही दिवस जाऊ दिले. रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रात क्रियापदे चुकतात.

आपले बोलणे काय झाले, ते इथे उतरवतो, म्हणजे पुढे त्यावर वाद नको.

“बाबा, मी बोलतेय.”

“ओळखलं. माझे कान अजून काम करतात.”

“तो आवाज बदलायला लावू नका. त्या लोकांनी तुमच्या पत्राचा धसका घेतलाय. मी तुमच्या पाया पडते.”

“कोण आहे ती बाई?”

“ते नाही सांगता येत. शब्द दिलाय मी.”

“कुणाला?”

“जिचा आवाज आहे तिला. सिनेमा लागेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, असं कबूल करून घेतलंय तिने.”

“मला सांगायचं नाही? माझं नाव घेऊन? वा. म्हणजे चोराला माहीत आहे घर कुणाचं आहे ते.”

“बाबा, एकदा, फक्त एकदा, डोळे मिटून ऐका ना. हेडफोन-बिडफोन नको. डॉक्टरकाकांनी ऐकलं तसं.”

“दंतवैद्याकडून ऐकायला शिकायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.”

यावर तू रडू लागलीस. फोन मी ठेवला. तो ठेवण्याचा अधिकार मला होता, असे माझे अजूनही मत आहे.

आता तुझ्या व्यवस्थापकांचे उत्तर आले आहे. या वेळी ‘काका’ नाही, ‘माननीय’ आहे, प्रगती म्हणायची. माझी हरकत त्यांनी पूर्णपणे मान्य केली आहे. दंतमंजनाच्या जाहिरातीत हसणारी कुणी तरुण नटी ठरवली असून महिनाअखेरीस ती काजळचे सगळे संवाद नव्याने बोलेल. तोवर लोकांसमोर असलेल्या तुकड्यातून ‘माननीयांनी दाखवून दिलेले श्वास’ त्यांनी यंत्राने पुसून टाकले आहेत. दंतवैद्यांच्या फोनवर तोही ऐकला. मंत्र आता सलग आहे, इस्त्री केल्यासारखा. मी सांगितले ते सगळे तंतोतंत केलेले आहे.

ऐकून समाधान व्हायला हवे होते. झाले नाही. का, ते मला कळत नाही, आणि कळत नाही याचाही राग येतो. जे उरले आहे ते श्वास असलेल्यापेक्षा वाईट आहे. श्वास होते तेव्हा निदान तिथे कुणीतरी बसलेले होते.

दंतवैद्य म्हणाले, “साहेब, आता नाही येत काटा.”

तुझे वडील


२० एप्रिल

तू पाठवलेली पेटी मिळाली. आत एक बोटाएवढी वस्तू, चिठ्ठी नाही. दंतवैद्यांच्या नातीने ती त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून दिली आणि मी त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जुन्या खुर्चीत बसून ऐकले. खुर्ची मागे रेलणारी होती. ती सरळ करण्याची कळ मला सापडली नाही.

तू शब्द मोडलास. त्याबद्दल नंतर बोलू.

काय ऐकले ते मी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसत नाही.

आधी लोकरीच्या कपड्यांचा आवाज. जाड, कोरडा, कोनाकोपऱ्यांतून काहीही परत न येणारा. चांगली जागा निवडली होती. मीही घरात दुसरी निवडली नसती. डोके कपाटात, वर दुलई. मग फोनमधून येणारा तुझा बारीक आवाज, आणि मग तिचा. यंत्राने वर न चढवलेला.

“आई, ऐकू येतंय का?”

“येतंय. तुझा बाप नसताना तरी ओरडू नकोस कानात.”

“कुठे आहेत ते?”

“बाहेर. पंख्याचा आवाज बिघडलाय म्हणे. पंखा बिघडलेला नाही, फक्त आवाज.”

तुम्ही दोघी हसलात. तिचे हसणे मध्येच थांबले आणि भात्याला चीर गेली. ती खरखर. मी तिला दमेकरी म्हणालो होतो. औषधपाणी करा, असे मी तुला लिहिले होते.

मग तू तिला गोष्ट सांगितलीस, अनाथ पोर आणि तिची सावली. म्हणजे तू विचारले होतेस.

“दुःख कशाला घालतेस हिला?” ती म्हणाली. “माझी बाई हौसेनं दुष्ट होती.”

“आई, लहान आहे ग ती अजून.”

“बरं. असू दे दुःख. पण मी ते रडून बोलायची नाही, सांगून ठेवते. दुःख आहे म्हणून काय झालं? तिला मजाही आली पाहिजे.”

एवढ्यापुरते तरी मी बरोबर होतो. याची दखल घेतली जावी.

मग मंत्र. ‘भिंत उतरून’ला थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. तू म्हणालीस, “आई, दम लागतोय, तुकड्यातुकड्यानं करू या, मी जोडते नंतर.” ती म्हणाली, “जोडायचं नाही. ही पोर आहे अजून. हिला अजून श्वास लागतो. मोठी झाली की तुझा बाप बंद करेल तिचा.”

त्यानंतर दारावर टकटक झाली आणि मी बोललो. माझा आवाज मी व्यवसायात कधी ऐकत नसे. तो इतका तक्रारखोर आहे, हे कुणी सांगितले नाही. मी म्हणतो, “अगं, माझा पांढरा शर्ट कुठे आहे?”

ती म्हणते, “दोरीवर.”

मी म्हणतो, “कोणत्या दोरीवर?”

ती म्हणते, “मागच्या.”

माझी पावले जातात. मग बराच वेळ नुसता तिचा श्वास आहे. मग ती तुला म्हणते, “एका शब्दात भागवावं लागतं बाई. दोन शब्द सलग बोलले की त्यांना लगेच ऐकू येतं, दम कुठे तुटला ते. मग बसतात माझ्या तोंडाकडे बघत. मला नाही बघवत ते.”

“सांगून टाक ना त्यांना. निदान या रेकॉर्डिंगचं तरी.”

“वेडी आहेस का? ‘पुन्हा’ म्हणतील. आणि मी करत बसेन. त्यांना थिएटरात नेऊन ऐकव. तिथे काही म्हणता येत नाही माणसाला.”

मी तिथेच थांबवले. दंतवैद्य आत आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, खुर्चीची कळ दाबून मला सरळ बसवले आणि पाणी आणून दिले.

तिच्या गप्प राहण्याबद्दल तुला जे लिहिले होते, ते पत्र फाडून टाक.


२७ एप्रिल

चिरंजीव कन्येस,

काल मी तुमच्या संस्थेत जाऊन आलो. तू बाहेरगावी होतीस, असे सांगण्यात आले. ते खरे मानतो.

तुझे व्यवस्थापक वयाने लहान आणि स्वभावाने वाईट नाहीत. त्यांना मी म्हणालो, की माझी हरकत मी मागे घेत आहे. पूर्वीचा आवाज जसाच्या तसा परत लावावा.

“पण सर, तुम्हीच तर लिहिलं होतंत की बनावट आहे.”

“मी चूक लिहिलं होतं.”

“तुमचं ‘व्यावसायिक मत’ होतं ना?”

“व्यवसायातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली आहेत.”

मग त्यांनी मला त्यांच्या ध्वनिविभागात नेले. तिथे तिचे श्वास एका बाजूला काढून ठेवले होते, शिंपी कापडाच्या चिंध्या ठेवतो तसे. मी ते सगळे जागच्या जागी बसवून घेतले. तुमचा तंत्रज्ञ म्हणाला, “ऐकणाऱ्याला खटकेल, सर.” मी म्हणालो, “खटकू दे.” तो म्हणाला, “एखादा तरी थोडा खाली घेऊ का?” यावर मी जे बोललो ते तुझ्या कानावर येईलच. आवाज चढवून बोललो, हे खरे आहे. ज्या बाईने दुलईत गुदमरत हे काम केले, तिचा श्वास कमी-जास्त करणारा हा कोण, असे मी विचारले. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हते. तुम्ही त्यालाही सांगितलेले नाही. या घरातली आणि या संस्थेतली गुपिते ठेवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, आणि तुझ्या आईशीही मी या विषयावर बोललो असतो, जर तिने त्याला जागा ठेवली असती.

मात्र खरी अडचण त्यानंतर कळली. शेवटचा प्रसंग राहिला आहे. काजळ आपलीच सावली कापून सोडून देते आणि तिला म्हणते, “तू हो पुढे, मला अजून एवढी शिवण पुरी करायची आहे, दिवा असेतो मी काही उठायची नाही.” हे वाक्य तिच्याच्याने झाले नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा उरलेला भाग मी नंतर ऐकला, तिने ते तीन ठिकाणी सोडले आहे आणि तू म्हणाली आहेस, “राहू दे आई, उद्या.” तुझे व्यवस्थापक म्हणतात, की एका वाक्यासाठी दुसरा आवाज आणला तर जोड दिसेल, म्हणून अख्खे काम त्या दंतमंजनवाल्या मुलीलाच द्यावे. त्यांचे म्हणणे व्यावहारिक आहे. ते मी साफ फेटाळले.

तर आता ऐक. त्याच ध्वनिमुद्रणात, ते वाक्य कसे हवे ते आईला दाखवण्यासाठी तू फोनवरून स्वतः म्हणून दाखवले आहेस. फोनमुळे आवाज चिरडलेला आहे आणि तू घाईत आहेस. मी ते पुष्कळदा ऐकले. एकदा हेडफोन काढून, डोळे मिटूनही ऐकले. शब्द उचलण्याची पद्धत, ‘शिवण’वर किंचित रेंगाळणे, वाक्याच्या शेवटाला न घाबरणे, हे सारे तिचे आहे. हे माझे व्यावसायिक मत समजू नये; त्या मताची किंमत काय, ते या महिन्यात दिसले. मी ऐकले तसे सांगतो आहे. जोड दिसणार नाही. ते वाक्य तूच बोलायचे आहेस.

व्यवस्थापकांनी पुढच्या सोमवारपर्यंत थांबण्याचे कबूल केले आहे. संमतीपत्र मी सही करून माझ्यापाशी ठेवले आहे. हे वाक्य झाल्यावर ते देईन, आधी देणार नाही. त्यात फक्त एक बदल केला आहे. टाकीतले हसू घेऊ नये. ते मोठ्या काजळमावशीचे आहे. कपाटात पंख्याच्या गोष्टीवर ती जी हसली आणि मध्येच थांबली, ते घ्यावे. पोरीला तेवढेच शोभेल.

रविवारी दुपारी घरी ये. तुमच्या स्टुडिओत हे होणार नाही. तिथल्या भिंती निर्जीव आहेत आणि तुमचा तंत्रज्ञ मला घाबरतो. लोकरीचे सगळे कपडे जागच्या जागी आहेत. दुलई उन्हात घातली आहे. पंखा बंद ठेवीन. यायच्या आधी गार काही पिऊ नकोस, आणि वाटेत कुणाशी फोनवर भांडत बसू नकोस, घसा बसतो.

मी ‘पुन्हा’ म्हणेन, ही पूर्वसूचना. तुला चिडायचे असेल तर टेक झाल्यावर चिड. तू माझ्यापासून हे सगळे लपवलेस, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तू आलीस म्हणून तो जाईल असेही समजू नकोस. जेवताना आपण त्यावर सविस्तर बोलू. पण वाक्य म्हणताना ते एका दमात म्हणायचा प्रयत्न करू नकोस. श्वास कुठे घ्यायचा, ते मी दाराशी उभा राहून हाताने दाखवीन.

तुझे वडील